त्यानं मागं वळून पाहिलं

औरंगाबाद,
१६ ऑगस्ट १९९८

प्रिय रईसा,

मधल्या सुट्टीत कॉन्व्हेंटच्या हातपंपावर तू दांडा मारायचीस आणि मी ओंजळीनं प्यायचे. मग मी दांडा मारायचे, तेव्हा तू मुद्दाम सावकाश प्यायचीस. आज सकाळपासून तेच आठवतंय. परभणीला तुम्ही सगळे बरे असाल. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

परवा सून आशा मला औरंगपुऱ्यापुढच्या थिएटरात घेऊन गेली. तो जपानी राक्षस आठवतो ना, समुद्रातून येऊन शहर तुडवणारा? अमेरिकेतल्या लोकांनी तो सिनेमा नव्यानं केलाय. सत्तावन्न साली तू माझ्या कानात म्हणाली होतीस, "लच्छी, आदमी हैच उसके अंदर. घुटने देख ना." आता आत कुणी माणूस नाही, रईसा. तासभर तो दिसतच नाही. फक्त ओल्या वाळूत पाऊल दिसतं, आणि त्या पावलात साचलेल्या पाण्यात आख्खी होडी तरंगत असते. मग तो उभा राहतो, आणि पडदा संपला तरी त्याची मान संपत नाही. मी आशाचा हात धरला. "आई, खोटं असतंय ते सगळं," ती म्हणाली. पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

आपला राक्षस घरं पाडत सरळ पुढं निघून जायचा. हा नवा थांबतो. त्याची शेपटी लागून एक इमारत कोसळते. त्याला आवाज ऐकू येतो. तो एवढं मोठं अंग हळूहळू वळवतो, खाली वाकतो आणि आपण काय पाडलं ते बघतो. कितीतरी वेळ. देवळात किंवा चॅपलमध्ये मी इतकी कधी दबून गेले नव्हते.

घरी आल्यापासून पत्र लिहायला बसते आणि उठते. आता लिहितेच.

सत्तावन्न साली त्या सिनेमाला जाताना मला आमच्या घरचं कुणी ओळखू नये म्हणून तू तुझ्या थोरल्या बहिणीचा, जमिलाआपाचा जुना बुरखा मला घातला होतास आणि आपण थिएटरातल्या जनान्यात, बायकांच्या बाजूला बसलो होतो. तो बुरखा त्याच संध्याकाळी तुमच्या दालानात खुंटीला अडकवला, असं मी तुला सांगितलं. अडकवला नव्हता. दोन दिवसांनी तोच घालून मी पुन्हा गेले, एकटी. दादाचा मित्र बन्सी तिथं येणार होता. मध्यंतरात आम्ही सोड्याच्या दुकानामागं उभं राहून बोललो. बोललोच फक्त.

जनान्याच्या दारावरच्या सारजाबाईला चेहरे दिसत नसत. ती बुरख्याच्या कडेचे गोट बघून घरं ओळखायची. आपानं स्वतः शिवलेला तो हिरवा गोट तिनं ओळखला, आणि भल्या मनानं तुमच्या अम्मींच्या कानावर घातलं की तुमची थोरली एका पोराबरोबर उभी होती. आठ दिवसांत लासूर स्टेशनच्या निजामुद्दीनसाहेबांच्या घरून आपाची त्यांच्याकडं ठरलेली मंगनी मोडल्याचा निरोप आला.

आपा तुमच्या अंगणात उभी राहून म्हणत होती, "अम्मी, मैं गईच नहीं." तू तिच्याकडं पाठ फिरवलीस. मीही तिथंच होते. ओसरीवर बसून तुझ्या वहीतली गणितं उतरवत होते. मी मान वर केली नाही.

बन्सी पुढं नाशिकला गेला, माझं लग्न दुसरीकडं झालं, आणि मी सगळं आपोआप विरून गेलं असं धरून चालले. आपानं लग्नच केलं नाही, हे माहीत होतं. पण तू अजूनही तिच्याशी बोलत नाहीस, ते मला गेल्या वर्षी तुझ्या मुलानं, फारूखनं सांगितलं. एक्केचाळीस वर्षं, रईसा. ती खरं बोलत होती.

माफी मागायची तर आधी तिची. तुझी नंतर.

सोबत दुसरं बंद पाकीट आहे. ते लासूर स्टेशनला निजामुद्दीनसाहेबांना पोचवायचं. ते हयात नसतील तर त्यांच्या घरी जो मोठा असेल त्याला. त्यात हेच लिहिलंय, माझ्या सहीनं. हवं त्याला दाखवू दे.

हे पत्र मात्र आपाचं. तिला उर्दूच वाचता येतं, हे मला ठाऊक आहे. कुणाकडून तरी उर्दूत लिहून घेता आलं असतं, मुद्दाम घेतलं नाही. तू दौलताबादला आपाच्या घरी जा, तिच्याजवळ बस आणि तुझ्या तोंडानं तिला हे वाचून दाखव. फारूखला पाठवू नकोस. वाचून झालं की कागद तिच्या हातात दे. मग ती माझ्याबद्दल जे बोलेल, ते मला जसंच्या तसं कळव.

तुमच्या दोघींची अपराधी,
लक्ष्मी