जोडीतली पट्टी

वेस्ट मांबलम, चेन्नई (माझ्या लेखी अजून मद्रासच)
३ ऑगस्ट १९९७

चि. तुळसीस,
अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे उभयता खुशाल आहोत. तुझी आई गुडघ्यांची तक्रार करते आणि त्याच गुडघ्यांवर मैलापूरच्या देवळाच्या पायऱ्या चढून येते, तेव्हा पुण्यात बसून काळजी करू नये.

मुख्य बातमी अशी की घरात संगणक आला आहे. आला म्हणजे मी घडवला. वरच्या मजल्यावरच्या कृष्णस्वामीने तयार विकत आणला, कारण त्याने जन्मभर सगळेच तयार आणले. मी रिची स्ट्रीटवरून सुटे भाग आणले. दुकानदार म्हणाला, सार, मीच जोडून देतो. मी त्याला सांगितले की ज्याने रेल्वेचे सिग्नल सांभाळण्यात नोकरी काढली, त्याला चार तारा कुठे लावायच्या ते कळते. पेटी बंद केली, तुझ्या आईने कुंकू लावून कापूर ओवाळला आणि मी बटण दाबले.

पंखा फिरतो. हिरवा दिवा लागतो. पडदा मात्र काळाच. आणि आतून एक लांब आवाज येतो, त्यामागून दोन आखूड. कृष्णस्वामी मुद्दाम जिना उतरून ऐकायला आला आणि म्हणाला, याला उचकी लागली आहे, दुकानात कोणीतरी आठवण काढत असेल.

तुझ्या संस्थेत संगणक सांभाळणारे कोणी असेल, त्यास विचारून कळवणे. फोन करू नकोस. एसटीडीवर माणूस नुसता ओरडतो, विचार करत नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसत राहावा.
तुझा,
राघोत्तम अप्पा


पुणे
११ ऑगस्ट १९९७

ती. अप्पांस,
तुळसीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

आमच्या संस्थेतले सगळे संगणक जयतीर्थ नावाचे गृहस्थ सांभाळतात. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याचं कार्ड खाचेत नीट बसलेलं नाही. आधी वीज बंद करून वायर काढा. पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि मगच कार्ड ओढा. त्याच्या कडेला पिवळे दात आहेत, ते पेन्सिलीच्या खोडरबराने हलके पुसा आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर देऊन परत बसवा. त्यांनी आकृती काढून दिली आहे, ती सोबत.

ते असंही म्हणाले की पहिल्याच खेपेला स्वतःच्या हातांनी एवढं जुळवणाऱ्या माणसाला भेटायला आवडेल. हे मी तुम्हाला खूश करायला लिहीत नाही.

आईला नमस्कार. माया राहू द्यावी.
तुमची,
तुळसी


वेस्ट मांबलम
१९ ऑगस्ट १९९७

चि. तुळसीस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या जयतीर्थांनी सांगितले तसे तंतोतंत केले. उचकी थांबली. आता संगणक सलग हंबरतो. लांब आवाज, थोडी उसंत, पुन्हा लांब आवाज. कार्ड दाबताना माझ्या कोपराचा धक्का शेजारी लागला असावा, असे तुझ्या आईचे मत आहे. तिला मत विचारले नव्हते.

कृष्णस्वामीने आता वास्तुशास्त्र काढले आहे. टेबल दक्षिणेकडे तोंड करून आहे म्हणे. मी त्यास म्हटले की माझ्या सिग्नलांनी गाड्या सगळ्या दिशांना सोडल्या आणि त्या पोचल्या.

ही नवी खूण जयतीर्थांस कळवावी. आकृती फार सुबक आहे. घाई नाही, खाडाखोड नाही, बाणावर बाण नाही. असा माणूस सल्ला देतो तेव्हा ऐकावेसे वाटते. खरे सांगायचे तर दिवाळीत तू ज्या गृहस्थाचा विषय काढलास, त्याच्या ठायी याच्यातले चार आणे गुण असते तरी मी नाव ऐकून घेतले असते. ज्याचा एक संसार मोडला, त्याने दुसऱ्याची मुलगी मागावी हे मला तेव्हाही पटले नाही, आजही नाही. असो. नवरात्रात कोलूच्या बाहुल्या बघायला म्हणून तंजावरहून नारायणस्वामी आपल्या लग्नाच्या भाच्याला घेऊन येणार आहेत. आपली माणसे, आपली तंजावरी मराठी. तू रजा काढावीस.

कळावे. आहे तो लोभ तसाच ठेवावा.
अप्पा


वेस्ट मांबलम
२१ ऑगस्ट

तुळसीबाळे,
आईचे पुष्कळ आशीर्वाद. अप्पा टपालात पत्र टाकून आले, आता त्यांच्या पाठीमागे मी हे लिहिते.

घरात उठता बसता जयतीर्थ चालू आहे. कापीच्या पेल्यात साखर जास्त झाली तरी जयतीर्थांना विचारू म्हणतात. काल कृष्णस्वामीला सांगत होते, माणूस असावा तर असा. मी पदर तोंडात धरून आत गेले. दिवाळीतलं नाव मला एकटीला ठाऊक, आणि ते पोटात ठेवून ठेवून माझं जेवण कमी झालंय.

पण हसण्यावारी नेऊ नकोस. नारायणस्वामी सुम्मा, उगाच, येत नाहीत, होकार घ्यायला येतात. ते उंबऱ्यात उभे राहिल्यावर तू खरं सांगितलंस तर तुझ्या अप्पांची मान खाली जाईल, आणि मान खाली गेलेला माणूस ऐकत नाही. आता त्यांचा कान उघडा आहे. तू सांग. मी सांगितलं तर म्हणतील, मायलेकींनी मिळून मला खेळवलं.

तुझ्यावर जीव आहे हे तुला लिहायला नको.
आई अन्नपूर्णा


पुणे
२ सप्टेंबर १९९७

ती. अप्पांस शि. सा. नमस्कार. वि. वि. आधी संगणकाचं. सलग लांब आवाज म्हणजे मेमरीच्या पट्ट्या हलल्या. त्या दोन असतात. जोडीनेच चालतात, एक नसली तर दुसरी असून उपयोग नाही. पट्टी खाचेत तिरकी घालायची आणि हळूच उभी करायची. दोन्ही बाजूंचे खटके टक्‌ वाजले पाहिजेत.

आता दुसरं. दिवाळीत तुम्ही ज्यांचं नाव ऐकायला नकार दिलात, ते हेच जयतीर्थ. पहिल्या पत्रात मी लिहिलं नाही, कारण तेव्हा तुम्ही आकृती न बघताच फाडली असती. मग दुसऱ्या पत्रात तुम्ही त्यांचं कौतुक लिहिलंत आणि मला गप्प राहणं लबाडीचं वाटू लागलं. म्हणून लिहिते.

ते संस्थेच्या कामासाठी चेन्नईला येत आहेत. १४ तारखेला, रविवारी, दुपारी घरी येऊन संगणक बघायची त्यांची तयारी आहे. तुम्हाला ते दारात नको असतील तर आईकरवी एक ओळ कळवा. ते येणार नाहीत, आणि त्याबद्दल तुमच्याविषयी वाईटही बोलणार नाहीत. पण अप्पा, नारायणस्वामींच्या भाच्यासमोर मी बसणार नाही. एवढं मात्र ठरलं आहे.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.
तुळसी


वेस्ट मांबलम
१५ सप्टेंबर १९९७

चि. तुळसीस आशीर्वाद. वि. वि. ओळ कळवली नाही याचा अर्थ तू बरोबर लावलास.

तुला ठाऊक असावे म्हणून सांगतो, संगणक शुक्रवारीच सुरू झाला होता. पट्ट्या मी स्वतः बसवल्या, खटके वाजले, पडदा उजळला. कृष्णस्वामीस बोलावून दाखवला. तो पडद्याला नाक लावून बघत राहिला आणि मग जिना चढून गेला, हे माझ्या निवृत्तीनंतरचे मोठे सुख.

रविवारी तुझे गृहस्थ यायच्या आधी मी जोडीतली एक पट्टी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. पत्रातून सल्ला देणे निराळे, समोर बसून दोष काढणे निराळे. त्यांनी पेटी उघडली. तारा तपासल्या, कार्ड काढून पुसले, पंख्याची धूळ झटकली, स्क्रू आवळले. जेवणाआधी बसले ते जेवणानंतरही तिथेच. शेवटी हात जोडून म्हणाले की मला काही सुचत नाही, तुम्हीच सांगा. मी खिशातून पट्टी काढून बसवली. संगणक सुरू. तेव्हा तू समजतेस तेवढे काही ते तज्ज्ञ नाहीत.

मध्ये मी त्यांना पहिल्या बायकोविषयी सरळ विचारले. मला वाटले, आता तिची गाऱ्हाणी ऐकावी लागतील. ते म्हणाले, ती आता धारवाडला शाळेत शिकवते आणि चांगलं शिकवते. मी आणखी खोदून विचारले, तर म्हणाले की तिच्या माघारी तिच्याविषयी बोलणं त्यांना जमत नाही. तुझी आई भात वाढायला आली होती, ती तशीच उभी राहिली.

नारायणस्वामींस मी कळवले आहे की कोलू बघायला जरूर यावे, भाच्याला त्रास देऊ नये. सासऱ्यापेक्षा कमी कळणारा जावई घराला बरा असतो. पुढचे बोलणे करायला जयतीर्थांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पत्र पाठवावे.

आता लोभ दोन घरी वाटावा लागेल, तरी आमचा वाटा राखावा.
अप्पा


वेस्ट मांबलम
१६ सप्टेंबर

तुळसीबाळे,
खूप आशीर्वाद. अप्पांचं पत्र तुला मिळेलच, त्यात राहिलेलं मी लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते दोनदा वाचलं. चपला घातल्या आणि मांबलम स्टेशनापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा म्हणाले, फलाटावर बसून गाड्या बघितल्या. मी पाणी दिलं. मग रविवारी सकाळी आंघोळ करून आले आणि संगणकाची पेटी उघडून बसले. चालू असलेलं यंत्र उघडतात कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

अप्पांचा तो पांढरा मलमलीचा शर्ट तुला माहीत आहे. त्यातून बनियनची शिवणसुद्धा दिसते. हिरवी पट्टी खिशातून अशी उठून दिसत होती की मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितली. जयतीर्थांनी पेटी उघडली, रिकामी खाच बघितली, मग अप्पांच्या खिशाकडे बघितलं. आणि खाली मान घालून स्क्रू आवळायला लागले. सांबार उकळून आटलं तरी आवळतच होते.

हात धुवायला मागे आले तेव्हा मी हळूच विचारलं, दिसलं ना. तर म्हणाले, पेटी उघडताक्षणी दिसलं, पण ते इतक्या हौसेने लपवून बसले होते. मग म्हणाले, त्यांना सांगू नका हं.

ते गेल्यावर मी भांडी आवरत होते. अप्पा झुल्यावर बसून सुपारी कातरत म्हणाले, त्याची नजर दोनदा माझ्या खिशावर गेली, मी बघत होतो. मी म्हटलं, मग तुम्ही गप्प का राहिलात. तर म्हणाले, किती वेळ दम धरतो ते बघायचं होतं, आपल्या तुळसीला तर वादात एकदाही हरता येत नाही, घरात हरणारा एक तरी हवा. आणि म्हणाले, मला कळलंय हे त्याला कळता कामा नये.

तर दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलंय आणि मी दोघांनाही बरं म्हटलंय. तू कोणाला सांगणार आहेस ते तुझं तू बघ.

येताना पुण्याहून माझ्यासाठी गुडघ्याचं तेल आण, आणि प्रीत सोडू नकोस.
आई अन्नपूर्णा