रंगूनची एक दुपार

माय, तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी मी रंगूनला उतरले होते. नर्सची नोकरी मिळाली म्हणून सिंगापूरला निघाले होते आणि तांदूळ चढवायला बोट एक दुपार तिथं थांबली. दिवस कलायच्या आत परत या, असं बजावून आम्हांला सोडलं. बाकीच्या मुली देऊळ बघायला गेल्या. डोकं दुखतंय सांगून मी मागं राहिले आणि मग एकटीच सुटले. धक्क्यावर पोत्यांच्या थप्प्या, हातगाड्या, सुक्या मासळीचा वास, चार भाषांतली ओरड. आणि मी दिसेल त्याला विचारतेय, लाकूड चिरायची आरामिल कुठं आहे?

आलापल्लीला चुलीपुढं बसून तू म्हणायचीस, "तुया बाप रंगूनले लाकूड चिरून राह्यला. लढाईनं रस्ता बंद हाय." लढाई संपली तरी तुझा रस्ता बंदच होता. तिथं दुसरी केली असंल, असं बाया म्हणायच्या. तू बांगड्या उतरवल्या नाहीस. एकदा मीच चिडून म्हटलं, "मेला असंल तो." तू भात उतरवत होतीस. "त्याले मारनारी तू कोन?" एवढंच बोललीस आणि त्या दिवशी जेवली नाहीस.

दोन आरामिलांत कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिसरीत सिरोंच्याकडचा तेलुगू मुकादम भेटला. बापाचं नाव ऐकून "चांदावाला?" म्हणाला, आपल्या चांदा जिल्ह्यावरून पडलेलं नाव, आणि मागच्या गल्लीतल्या खानावळीत घेऊन गेला. चुलीशी एक बर्मी बाई बसली होती, तुझ्याच वयाची. ही त्याची मुलगी, असं मुकादमानं सांगितलं तशी ती उठून माझं तोंड निरखत राहिली. बाया म्हणत होत्या ते खरं होतं तर. मी भांडायच्या तयारीनं उभी होते, पण कान बोटीच्या भोंग्याकडं लागलेले. तिनं मला बसवलं, पुढ्यात भात वाढला. मोडक्या हिंदीत म्हणाली, "बम गिरा तो वो पैदल निकला. मैं बोली, मत जाओ. बोला, घर में बेटी है." मग माझं मनगट धरून विचारलं, "घर पहुँच गया न?"

मुकादम खाली बघायला लागला. तेव्हा डोंगरातून हिंदुस्थानाकडं चालत निघालेली किती माणसं वाटेतच राहिली, हे त्यालाही ठाऊक होतं नि मलाही. तिलाच कुणी सांगितलं नव्हतं. मी भात कालवायला घेतला.

"पहुँच गया," मी म्हणाले. मग थांबताच येईना. पाय सुजले होते, माँनं तेल चोळलं, आंगणात खाट टाकून दोन दिवस नुसता झोपला, असं काय काय सांगत गेले. ती रडत होती आणि मान हलवत होती. भोंगा झाला तशी मी उठले, उष्ट्या हातानंच धावत सुटले. बोटीची शिडी उचलायलाच आले होते.

आता मीही म्हातारी झाले. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, राहू दे इथंच. पण एक सांगायचं राहिलंय. मी उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा तिनं मागून विचारलं होतं, "तेरी माँ मुझ पर गुस्सा है?" नाही, असं मी सांगून टाकलं. तुला न विचारता.