तिसऱ्यांदा काढलेली चिठ्ठी

प्रिय आत्या,

काल ऑफिसात तुझा फोन वाजला, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तू गेल्यापासून तो माझ्याच पिशवीत असतो. बाबा म्हणाले, बंद करून टाक. पण तुझी गिऱ्हाइकं अजून फोन करतात ना! "मावशी, संकष्टीला दोन हार हवेत, शेवंतीचे नकोत." मी सांगते, आत्या गेली, न्यूमोनिया झाला होता. समोरचं माणूस हळहळतं, कधी, कसं विचारतं, मी तेच वाक्य पुन्हा सांगते. परवा एक बाई म्हणाल्या, "तू फार शांत आहेस गं." मी शांत नाही, आत्या. आत काही हलतच नाही. सकाळी उठून फुलांचं गोणपाट भिजवते आणि मग आठवतं, आता मार्केट यार्डातून फुलं आणणार कोण? तरी ते पिळून दोरीवर वाळत घालते. रोज.

माझं काम तुला कधी पटलं नाही. घरातली पहिली पदवीधर मुलगी, आणि करते काय, तर हॉस्पिटलात बसून लोकांना फोन! "फोन तर मीही करते," तू म्हणायचीस, "आणि माझ्या फोननंतर निदान हार तरी जातात." मी चिडायचे. मी तुला सांगायचे, खुब्याचं हाड मोडलेल्या माणसांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हे कोणी तरी विचारायला नको का? ती चालतात का? जिना चढतात का? जोडलेलं हाड बरं झालं की माणूस बरा झाला, असं असतं का? तू मान हलवून गजऱ्याची गाठ मारायचीस.

आणि मग तूच पडलीस. मोरीपाशी, सकाळच्या वेळी, हातात तांब्या घेऊन. "मुरगळलाय, तेल लाव." पण तुझा पाय बाहेर वळलेला होता आणि आखूड दिसत होता. मी ज्या गोष्टी फक्त वाचल्या होत्या, त्या आपल्या खोलीतल्या फरशीवर पडलेल्या दिसल्या. कसबा पेठेतल्या त्या बोळात रुग्णवाहिका येत नाही म्हणून चौघांनी तुला खुर्चीत बसवून बाहेर काढलं, आणि तू वेदनेत असतानाही चहावाल्याला ओरडलीस, "बघतोस काय, मिरवणूक आहे का?"

डॉक्टरांनी तुला सगळं नीट समजावलं. हाडाचा वरचा गोळा तुटलाय. एक तर नुसता गोळा बदलायचा, किंवा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी, दोन्ही बदलायचं. दोन्ही ऑपरेशनं सगळीकडे होतात. पण तुझ्यासारख्या हिंडत्याफिरत्या माणसाला जास्त मानवतं काय, हे अजून पक्कं माहीत नाही. त्यासाठीच आमचा अभ्यास. तयार असाल तर कोणतं करायचं हे कॉम्प्युटर ठरवेल, नसाल तर आम्ही ठरवू.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकणार!"

"अगदी तसंच, आजी."

"आजी तुमच्या घरी, डॉक्टर. मला मावशी म्हणा."

तू हो म्हणालीस. कोणी जबरदस्ती केली नाही. मी तर मुद्दाम खोलीबाहेर उभी होते, माझ्या तोंडाकडे बघून तू हो म्हणू नयेस म्हणून. पण डॉक्टर गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस आणि हळूच म्हणालीस, "तू आहेस ना तिथे? मग चिठ्ठी जरा बघून काढ."

मी म्हटलं, असं करता येत नाही.

"का नाही? तुझ्या वेळी मी केलं की."

माझी बारावी झाली तेव्हाची गोष्ट. कॉलेज, की शिवणाचा क्लास आणि मग स्थळं? बाबा म्हणाले, देव सांगेल. तू तुझ्या कोनाड्यातल्या गणपतीपुढे दोन चिठ्ठ्या टाकल्यास. मला ओट्यावर बसवून ठेवलं होतं. थोड्या वेळाने बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "कॉलेज निघालं." इतकी वर्षं मला वाटत होतं, देवाने माझी बाजू घेतली!

"दोनदा क्लास निघाला," तू हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्यापडल्या म्हणालीस. "तिसऱ्यांदा कॉलेज."

"आणि बाबा?"

"तो पाणी प्यायला गेला होता. माठ बाहेर, मी काय करू?"

"आत्या! देवासमोर?"

"त्याला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसेल. परत विचारायला काय जातंय?"

मी हसले. तो आपल्या दोघींचा शेवटचा मोठा हशा, हे तेव्हा कुठे माहीत होतं? हसून झाल्यावर मी तुला सांगितलं, आमच्याकडे एकदाच काढतात. परत विचारायचं नाही. परत विचारलं की खरं काय ते कधीच कळत नाही. आणि बघून काढू तरी कोणती, आत्या? चांगली कोणती हे डॉक्टरांनाच माहीत नाही.

तू चादर अंगावर ओढून घेतलीस. मग म्हणालीस, "बरं बाई. तू शिकलेली."

रागावली होतीस का? तेवढं एक सांगायचं राहिलं तुझं.

तुझी चिठ्ठी कोणती निघाली ते मला माहीत नाही. रुग्णाला सांगत नाहीत, घरच्यांना नाही, फोन करणाऱ्या आम्हा मुलींनाही नाही. कळलं की विचारण्याचा सूर बदलतो. तू माझी आत्या म्हणून तुझे फोन दुसऱ्या मुलीकडे दिले होते. तपासणीला बाबा आत यायचे, मी बाहेर बाकावर बसायचे. एक्स-रेचं मोठं पाकीट कपाटामागे उभं आहे. बाबांना त्यातलं काही कळत नाही. मला एका नजरेत कळेल. म्हणून मी ते उघडलेलं नाही.

तू चाललीस मात्र! आधी वॉकर, मग काठी. व्यायामाच्या नावाने बोंब होती. "झोपून पाय उचलायला मी काय तान्हं बाळ आहे?" पण देवळापर्यंत जाऊन चहावाल्याशी भांडून परत यायचीस, त्यात कधी खंड नाही. पुन्हा देवळाच्या पायरीशी हार घेऊन बसायला लागलीस.

मग तो खोकला. ताप आला होता तर सांगितलं का नाहीस? रात्री कुडकुडत होतीस आणि सकाळी मला म्हणालीस, फुलांच्या पाण्याने गारठले. परत हॉस्पिटलात नेतील म्हणून लपवलंस ना? मी तुझ्या शेजारीच झोपत होते गं. लोकांना मी फोनवर विचारते, काही नवा त्रास? तुला विचारलं तर म्हणालीस, "मला फोन करून विचार."

बाबा अजून दर रविवारी मांजरी गावाहून येतात आणि तेच विचारतात. "दुसरी चिठ्ठी निघाली असती तर ताई जगली असती का?"

मी सांगते, फुफ्फुसाला संसर्ग झाला होता.

"मी काय विचारतोय?"

माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही. मग ते कपाटामागच्या पाकिटाकडे बोट दाखवतात. "बघ तरी!" आणि मागच्या रविवारी म्हणाले, "तिचं काही द्यायचं नाही आता त्या लोकांना. माणूस गेलं, विषय संपला."

त्या लोकांना म्हणजे मला, आत्या.

काल तुझ्या ऑपरेशनला वर्ष झालं. आमच्याकडे पूर्वा नावाची मुलगी नवीन आली आहे, माझ्या शेजारच्याच टेबलावर. कालचे फोन तिच्याकडे होते. तुझं आडनाव वेगळं, तू माझी कोण हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिने नंबर लावला आणि माझ्या पिशवीत तुझ्या फोनची सनई वाजायला लागली.

"मनीषाताई, तुझा फोन," ती म्हणाली, स्वतःचा रिसीव्हर कानाला तसाच धरून.

मी उचलला. "नमस्कार, कौसल्याबाईंशी बोलता येईल का?" तिचा आवाज आधी शेजारून आला आणि मग कानात.

"त्या गेल्या," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात. मी त्यांची भाची बोलतेय."

पूर्वा वळली. ती फोन ठेवायला निघाली, मी हाताने खूण केली, कागदावरचं पुढचं वाच. पुढे काय असतं ते मला पाठ आहे. नातेवाइकांची इच्छा नसेल तर आपण इथेच थांबू.

तिने ते वाचलं. रडवेल्या आवाजात, पण वाचलं.

नाही म्हणाले असते तर बाबांचं ऐकलं असं झालं असतं. तू बेपत्ता धरली गेली असतीस, फोन न उचलणाऱ्या माणसांसारखी. पण गेलेली माणसं वगळली आणि नुसती चालणारी मोजली, तर कुठलाही सांधा चांगलाच दिसेल ना? उद्या कोणाची तरी आत्या मोरीपाशी पडेल. तिच्या डॉक्टरांना तेव्हा माहीत असायला हवं.

"इच्छा आहे," मी म्हटलं. "विचारा."

कशाने गेल्या, कधी, कुठे, सगळं सांगितलं. माझा आवाज कुठेच अडकला नाही. याचीच मला भीती वाटते.

आज बाबा आले तेव्हा त्यांना सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी तुझी रिकामी परडी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "शेवटपर्यंत चालत होती, हे सांगितलंस ना?"

"सांगितलं. देवळापर्यंत, काठी घेऊन."

"भांडत होती तेही सांगायचंस."

एवढंच बोलून ते पाणी प्यायला बाहेर गेले. माठ अजून तिथेच आहे, आत्या. क्लास दोनदा निघाला होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते आपल्या दोघींत राहू दे.

तेवढ्या वेळात पाकीट काढून बघता आलं असतं. हातही गेला होता तिकडे. पण नाही काढलं. सगळ्यांचे फोन होऊन अभ्यास पूर्ण होईल, तेव्हा सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकदम उघडतील. त्या दिवशी बाबांना घेऊन तुझ्या देवळाच्या पायरीशी येईन आणि तुझी कोणती होती ते तुला सांगेन. चांगली निघाली तरी सांगेन, नसली तरी सांगेन. आणि मनासारखी नसली, तरी परत काढणार नाही. कबूल.

तुझी,
मनी