मोहाखालची राख

प्रिय सुनिता,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ठाण्यात हॉस्पिटलच्या ड्युट्या असतात हे मला ठाऊक आहे, पण होळीला येऊन गेल्यापासून बालमैत्रिणीसाठी एकदाही फुरसत मिळू नये म्हणजे जरा जास्तच झालं.

शाळेतल्या मुलांसाठी मी वणव्यावर कविता रचायला घेतली आहे. मोखाड्याच्या बाजारात त्यांना ती म्हणायची आहे. ऐकता ऐकता माणसाचा हात काडीपेटीवरून मागे यावा, अशी हवी. आधी पाखरं घातली, मग खोडली. पाखरांसाठी आपल्या पाड्यात कोण थांबतं गं? शेवटी करपलेल्या मोहाच्या फुलांपासून सुरुवात केली. पोटाला चटका बसला की ऐकतात. पण पुढे आग लावणाऱ्याला ‘तू’ म्हणायचं, तर हा ‘तू’ कोण, इथे गाडी अडली.

होळीनंतर आपला डोंगर पेटला, त्यासाठी पाड्याने ढवळूकाकाला धरलंय. डोंगरावर शेळ्या त्याच्या, तोंडात विडी त्याची, झालं! काका मला म्हणाला, “बाय, मी कशाला लावू आग? माझीच शेळी भाजली ना.” तरी कोणाचा विश्वास नाही. मला मात्र सगळ्यांचाच संशय येतोय, ओरडणाऱ्यांचा तर जास्तच.

म्हणून काल मी स्वतः डोंगर चढले. आग तुमच्या मोहाखालून वर गेली आहे. खालच्या अंगाचं गवत तसंच उभं, वरचं सगळं काळं. फुलं वेचायला झाडाखालचा पाला आपण सगळेच जाळतो, पण पहाटेच्या गारव्यात, हातात ओला डहाळा घेऊन. भर दुपारी, वारा सुटल्यावर कोण जाळेल? ज्याची सवय मोडली आहे, तोच. तुझी आई कौतुकाने सांगत होती, सुनितानं दुपारी जाता जाता झाडाखालचं जाळून साफ करून दिलं. त्याच दुपारी तू जीप धरलीस आणि संध्याकाळी डोंगर पेटला.

सोमवारी ग्रामसभा आहे. काकाला डोंगरबंदी करायचं घाटतंय. मग त्याने शेळ्या न्यायच्या कुठे? तुझं नाव मी कोणापुढे घेतलेलं नाही, तुझ्या आईपुढेही नाही. संशय खोटा निघाला तर मला पोटभर शिव्या दे, मला खरंच बरं वाटेल. पण खरा असेल तर रविवारी ये आणि सभेत स्वतःच्या तोंडाने सांग. मी तुझ्या शेजारी बसेन. कवितेने अख्खा बाजार ऐकेल की नाही, कोण जाणे. आत्ता फक्त तू माझं ऐकावंस, एवढंच मला हवं आहे.

अजूनही तुझीच,
हर्षदा