हुडातला बदाम

६ जुलै, रविवार
गाडीत पुन्हा पाणी. मागच्या सीटवर डावीकडे तळं, खालचं कार्पेट पिळून काढावं लागलं. वास भिजलेल्या कुत्र्याचा. गाडी म्हातारी आहे, कबूल. पन्नाशीला मीच मला भेट दिली तेव्हाही म्हातारीच होती. पण कापडी हूड चार वर्षांपूर्वी नवं शिवलेलं. मागच्या पावसाळ्यात थेंब आला नव्हता. मग यंदाच काय झालं?
इकबालभाईंना फोन. राजा पार्कात स्कूटरच्या सीटा शिवतात, हे हूडही त्यांच्याच हातचं. "कल आता हूँ मैडम." त्यांचा कल कोणत्या पंचांगातला, एकदा विचारायला हवं.

११ जुलै, शुक्रवार
कल आज उगवला. निदान: काचेचं रबर कडक झालंय. नवं घातलं, चहा प्यायले, गेले. संध्याकाळी सर आली. तळं जिथल्या तिथं. फोनवर म्हटलं, रबर तुमच्या डोक्याला लावायला हवं होतं. हसले. या माणसाला अपमान कळतच नाही. माझी सगळी मेहनत वाया.
चांगली मुलगी आवाज चढवत नाही, असं कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या. सिस्टरना कधी हूड शिवून घ्यावं लागलं नव्हतं.

१६ जुलै, बुधवार
कार्पेटखाली आळंबी उगवलीय. खरोखरची, छत्रीसकट. शेजारच्या माथुर भाभी कुंपणावरून, "दीदी, सब्ज़ी उगा रही हो क्या?" म्हटलं, हो, पहिली तोडणी तुमच्याकडे. हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या.
त्यांची शिल्पी आलीय. लग्नानंतरचा पहिला तीजेचा सण माहेरी, तशी रीतच आहे इथली. फेब्रुवारीत तिची विदाई माझ्याच गाडीतून झाली. भाभींनी ड्रायव्हर ठरवला होता. मी म्हटलं, चावी मी देवालाही देत नाही, तुमच्या ड्रायव्हरला कुठून देऊ? पहाटेचं धुकं, हूड चढवलेलं, त्यावर झेंडूचं जंगल, मागे शिल्पी आणि नवरदेव गौरव. दुर्गापुऱ्याहून टोंक रोडनं थेट चाकसू, तिच्या सासरी. एरवी रस्ताभर माझ्या कानाशी बडबडणारी ही मुलगी त्या दिवशी गप्प. रडून दमली असेल, असं मला वाटलं.
आल्यापासून "मौसी" करत आलेली नाही. झोपाळ्यावर बसलेली दिसते. झोका घेत नाही.

२६ जुलै, शनिवार
उद्या तीज, आज सिंजारा. सासरहून सुनेला घेवर, लहरिया साडी, बांगड्या, मेंदी यायची असते. दिवसभर माथुरांच्या फाटकाशी एक गाडी थांबली नाही. (मी पाहत होते. निवृत्त माणसानं आणखी काय करायचं?)
संध्याकाळी भाभी घेवर घेऊन आल्या. "चाकसू से आया है, दीदी." डब्यावर आमच्याच कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचं नाव. मी म्हटलं, छान आहे, तिकडे तूप चांगलं वापरतात.
पाऊस. सीटवर ठेवलेलं पातेलं काठोकाठ.

२ ऑगस्ट, शनिवार
इ.भाई पुन्हा. आता म्हणे आतल्या अस्तरात पाणी धरलं जातं. टराटरा फाडलं आणि बगलेत मारून घेऊन गेले, "नया लगा दूँगा." गळतं कुठून? "मैडम, इस बार हवा में ही नमी है." हो का. मग हवेला टाके घाला.

४ ऑगस्ट, सोमवार
कडक ऊन. गाडी वाळायला अंगणात काढली होती. चष्मा गाडीत राहिला म्हणून दार उघडून मागे बसले. वर पाहिलं.
अस्तर गेल्यामुळे कापड उघडं आणि त्यातून उजेडाचे ठिपके. एकदोन नाहीत. ओळीच्या ओळी, झुलत्या माळांसारख्या. डावीकडे मोठा बदाम, त्यातून गेलेला बाण, आणि दोन अक्षरं. आतून उलटी, म्हणून वाचायला वेळ लागला. एस. जी.
भाभींच्या फुलवाल्यांनी विदाईच्या माळा दोऱ्यानं बांधल्या नव्हत्या. टाचण्यांनी टोचल्या होत्या. माझ्या हुडात! उशीला टोचावं तसं!
तशीच उठले. मनात भाषण तयार, हिंदीतून, व्याकरणासकट. फाटकापर्यंत गेले. आत भाभी फोनवर विहिणीशी, दबक्या आवाजात, "हाँ जी समधनजी... नहीं जी, वो कौन होती है मना करने वाली... राखी के बाद भेज देंगे." झोपाळ्यावर शिल्पी. सगळं ऐकत होती.
परत आले. तयार वाक्य गिळायची मला सवय नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
इ.भाईंना ठिपके दाखवले. "छलनी है ये तो." एवढं निदान बरोबर आलं. ठिगळ लागणार नाही, पूर्ण नवं हूड. बजावलं, पंधरा ऑगस्टच्या आत हवं, नाहीतर दुकानात येऊन बसेन. कानाला हात लावला.
भाभींनी विचारलं. म्हटलं, कापड जुनं झालं.

१० ऑगस्ट, रविवार
काल राखी झाली. आज भाभी सकाळीच. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "दीदी, शिल्पी को आप ही छोड़ आओ. विदाई आपने की थी, आपकी गाड़ी शगुन की है." मी म्हटलं, गाडी गळते. "छत ठीक हो जाए, तब. भीगी हुई बहू उतरे तो अच्छा नहीं लगता."
त्यांच्या मनात वाईट काहीच नाही. हेच अवघड आहे. चार माणसं काय म्हणतील, माथुरसाहेबांचं बी.पी., धाकटीचं जमवायचंय. विचारलं, शिल्पी काय म्हणते? "वो तो बच्ची है." सत्तावीस वर्षांची बच्ची.

१३ ऑगस्ट, बुधवार
शिल्पी आली. मी गाडीत होते, आतलं गंजलेलं घासत. न विचारता मागे बसली. वर पाहत राहिली.
"मौसी, ये तो मैं हूँ."
मग हसली. महिन्यात पहिल्यांदा. "आपने मम्मी को डाँटा नहीं?" म्हटलं, वेळ मिळाला नाही.
सांगितलं तिनं, तुकड्यातुकड्यांत. मारझोड नाही. शिव्याही नाहीत. गौरव सोमवार ते शुक्रवार गुडगावला. घरात कुणी तिच्याशी बोलत नाही. स्कूटीची चावी सासऱ्यांच्या कपाटात, "हमारे यहाँ बहुएँ स्कूटी नहीं चलातीं." शाळेतली नोकरी आपोआप सुटली, कारण जायचं कसं? "किससे कहूँ, मौसी? सब कहते हैं, दुख क्या है तुझे?"
तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. एस मधून थेंब तिच्या गुडघ्यावर पडला. पुसला नाही. मी पातेलं पुढे केलं तर म्हणाली, रहने दो.
विचारलं, जायचंय? म्हणाली, "मम्मी एक बार खुद बोल दें कि रुक जा. बस."

१४ ऑगस्ट, गुरुवार
इ.भाईंना फोन. म्हटलं, घाई नाही. "मैडम, तबीयत ठीक है?" म्हटलं, ठीक आहे, कापड नीट निवडा, दिवाळीपर्यंत चालेल. "नहीं नहीं, आपने इतना डाँटा था, मैंने तो काट भी लिया." याला आत्ताच लाज वाटायची होती.

१९ ऑगस्ट, मंगळवार
भाभी कुंपणावरून रोज एकदा, "छत हो गई?" मी रोज, "नाही हो." खोटं बोलणाऱ्याला सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभं करत. इतकं खोटं बोलतेय की आमच्या कंपाउंडला भिंती पुरणार नाहीत.
इ.भाईंना कळवलं, मी नागपूरला जातेय भावाकडे, महिनाभर तरी येऊ नका. (गेले नाही. अंगणातला दिवासुद्धा लावत नाही.)

२४ ऑगस्ट, रविवार
इतक्या वर्षांत एकदाही वेळेवर न आलेला माणूस आज सकाळी फाटकाशी हजर. "सोचा, आप नागपुर से लौटें उससे पहले लगा दूँ, सरप्राइज़." मीच दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं आणि सरळ जुनं हूड सोडवायला लागले. दोन शब्द सुनावले असते तर बरं.
हूड चढलं. देखणं. काळंभोर, शिवण अशी की पाहत राहावं. नळीनं वरून पाणी मारलं. आत एक थेंब नाही. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाचं काम चोख झालं आणि मला त्याला मारावंसं वाटलं.
भाभी गच्चीवरून पाहत होत्या. "दीदी, बुधवार को छोड़ आना, अच्छा दिन है, आपके गणेशजी का. परसों चूरमे के लड्डू बना लूँगी साथ ले जाने को."

२६ ऑगस्ट, मंगळवार
उद्या गणपती. दुपारी सारणासाठी नारळ खवला. जुनं हूड अंगणातल्या तारेवर वाळत टाकलंय, पुढे कूलर झाकायला होईल.
चारच्या सुमारास भाभी लाडवांचा डबा घेऊन आल्या. ऊन कलतं होतं. तारेजवळून येताना थांबल्या. हूड त्यांच्या आणि उन्हाच्या मध्ये. त्यांच्या पिवळ्या साडीवर ठिपके पडले होते. आधी झटकले, काही सांडलं असं वाटून. मग साडी हातात धरून नीट पाहिलं. मग वर पाहिलं. एका भोकावर बोट ठेवलं, मग शेजारच्या. बाणाच्या टोकापर्यंत.
"ये हमारे फूलवालों ने किया?"
मी अंगणातल्या नळाशी खवणी धूत होते. म्हटलं, झालं ते झालं.
"आपने बताया क्यों नहीं, दीदी? आप तो सबको सब बोल देती हो."
खवणी पालथी घातली. त्यांच्या झोपाळ्याची कडी करकरली. शिल्पी उठून कुंपणापाशी आली होती. आईकडे पाहत उभी. भाभींनी तिच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ नजर हलवली नाही. ठिपके साडीवरून हळूहळू वर सरकले.
डबा माझ्या ओट्यावर ठेवला. जाता जाता नव्या हुडावरून हात फिरवला.
"दीदी, इकबालभाई को एक बार और बुला लो. नई है तो क्या हुआ. कहीं से टपकती होगी."
म्हटलं, टपकत असेल. बोलावते.
"कल आता हूँ," म्हणाले फोनवर.