ताटलीतलं पाणी

६ जानेवारी १९७४, रविवार

‘कोरडं झालं.’ जेवताना हे एवढंच बोलले. रविवारी यांचं तोंड उघडतं ते या दोन शब्दांसाठी. मी लोण्याहून मऊ वागते, आणि मटण मात्र कोरडं!

मग सासूबाईंनी शिकवलं. ‘निखाऱ्यावर राख घाल, मंद चालू दे. मटनाच्या गंजावर ताटली ठेव, ताटलीत पानी. तापलं का तेच रस्स्यात सोडायचं, ताटली पुन्हा भरायची. थंडं पानी टाकू नको वं, मटन आकसते. गोपिका असंच करे.’

नाव तोंडातून निसटलं आणि त्या उठून गेल्या.

गोपिका म्हणजे यांची पहिली बायको. वारली. तिच्या नावाचा चांदीचा टाक लग्नातच माझ्या गळ्यात बांधला. नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, ताट वाढलं की आधी त्याला. जिला कधी पाहिलं नाही ती आता चोवीस तास छातीला चिकटून आहे.

१३ जानेवारी

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. अंगणात जाऊन दोरीवरचे कपडे काढले आणि परत आले, तर ताटली कोरडी ठक्क. निखारे तर राखेखाली झोपलेले! एवढ्यात ताटलीभर पाणी आटतं होय? मटण तळाला लागलं. हे अर्ध्या ताटावरून उठले.

मांजर असणार.

२० जानेवारी

स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मांजर बाहेर, मी आत. तरी ताटली कोरडी. आटलेल्या पाण्याचा पांढरा डाग पडतो, तोही नाही.

३ फेब्रुवारी

आज शेगडीशेजारीच बसले. तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होते.

घोट घेतल्याचा आवाज आला. घाईघाईने पाणी पितात तसा. एक घोट, मग आणखी एक.

मी वळून पाहिलं नाही. भ्याले, सरळ लिहिते. माझे हात सुपात तसेच राहिले. नंतर पाहिलं तर ताटलीच्या काठावर एकच थेंब होता.

४ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं वेड्यात काढतील. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, ‘याच्यापुढे बोलू नको.’ याच्या म्हणजे आपल्या लेकाच्या.

मला पाळी चुकल्याचंही सांगायचं होतं. राहूनच गेलं. ही पाळी धरून तीन चुकल्या.

१० मार्च

शेजारच्या कुसुमताईंकडे विरजण मागायला गेले आणि सगळं ऐकून आले. मी विचारलं, गोपिका कशाने गेली?

‘बाळंतपनात वं. पोरगं पायाळू होतं, पोट फाडा लागलं. पोरगंही गेलं. डॉक्टरनं पानी बंद ठेवलं, तर ते रात्रभर पानी पानी करून राहिली. शालिकराम, तुहा नवरा, उशाशी बसून. डॉक्टर नाही म्हनते, त्यानं काहून द्यावं? पहाटे गेली ते तशीच, कोरड्या तोंडानं.’

म्हणून तर हे ‘कोरडं’ एवढाच शब्द बोलतात की काय.

विरजण तिथेच विसरले.

२५ एप्रिल, गुरुवार, आखाजी

अक्षय्य तृतीया म्हणून घरात पितरांच्या घागरी भरल्या. सासऱ्यांची भरली, आजेसासऱ्यांची भरली. तिची नाही. मी विचारलं तर हे म्हणाले, ‘तिचं नाव काढू नको.’ आवाज चढला नव्हता, फुटला होता.

मी मागच्या पडवीत गेले. तांब्या भरला आणि गळ्यातला टाक त्यात बुडवला. लुगडं दाखवतात, ताट दाखवतात. इतक्या दिवसांत हिला पाणी दाखवावं हे कोणाला सुचलं नाही. म्हटलं, बाई, पोटभर पी. माझ्या पोटात आहे त्याच्यावर मात्र डोळा ठेवू नको.

टाक बाहेर काढला तेव्हा तांब्या हलका लागला. आत पाहायचा धीर झाला नाही.

२८ एप्रिल, रविवार

आज ताटली काठोकाठ. मी एकदाच भरली होती. तेच कढत पाणी रस्स्यात सोडलं, बोटी अशा सुटल्या की हाडाला नुसता धक्का पुरे.

यांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. ‘हे कोनं शिजवलं?’

‘मी.’

खाली मान घालून जेवले. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, पुसलं नाही. कोरडं झालं म्हणाले नाहीत.

३० जून

आता दर रविवारी आधी तांब्या, मग शेगडी. भीती गेली म्हणणार नाही. तिच्यासोबत राहायची सवय झाली.

२१ जुलै

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. मूल पायाळू आहे. वळलं नाही तर पोट कापावं लागेल.

घरी येताना रिक्षात दोघांना एकच आठवत होतं.

११ ऑगस्ट

वळलं नाही. उद्या भरती. मला मरायचं नाही.

१७ ऑगस्ट, दवाखाना

मुलगी झाली. आज उठून बसता आलं, म्हणून लिहिते.

ऑपरेशनच्या आधी दागिने काढायला लावले, टाकसुद्धा. यांनी रुमालात बांधून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोंडाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. यांना पाणी मागितलं. यांनी नर्सबाईंकडे पाहिलं, त्या नाही म्हणाल्या. यांचा चेहरा मला बघवेना, मी डोळे मिटले.

तेवढ्यात कोणीतरी ओल्या फडक्याने माझे ओठ टिपले. पुन्हा टिपले. पाणी ऊन होतं आणि त्याला कोळशाचा वास होता. कानाशी कोणी हळूच म्हणालं, ‘थंडं नाही देत वं.’

डोळे उघडले तर हे भिंतीला टेकून झोपलेले. नर्सबाई दारातून विचारत होत्या, ‘आत्ता गेल्या त्या बाई कोण? घरचीच आहे म्हणाल्या.’

मी म्हटलं, हो, घरचीच.