डाव्या बाजूचे टायर

राहुरी,
गुरुवार

प्रिय पप्पा,

तुम्हांला आणि एस्तेर आत्याला सलाम. अक्षर या वेळी मोठं काढलंय, राग मानू नका. गाडीचे टायर बदलून झाले. पुणतांब्याला निघताना तुम्ही बजावलं होतंत, रविवारी संडे स्कूलची पाच लेकरं वचनपाठांतराच्या स्पर्धेला नगरला न्यायची आहेत, परक्यांची लेकरं आहेत, टायरचा भरवसा हवा. म्हणून काय काय केलं ते सगळं लिहिते. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला.

मला वाटलं होतं, बदलायचे म्हणजे टायर अगदी गोटा झाले असतील. खाली बसून पाहिलं तर नक्षी बरीच शिल्लक. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराचा एक उंचवटा असतो. झिजून नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला, असं मी वाचलं होतं. आपली नक्षी त्याच्या बरीच वर होती. मग उगाच खर्च कशाला, म्हणून टायरवाल्या मच्छिंद्रभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "ताई, नक्षीला भुलू नका. आधी ह्यांचं वय बघा." टायरला वय असतं हे मला ठाऊकच नव्हतं. कडेला एका लंबगोलात चार आकडे छापलेले असतात. आपल्यावर होते ३४१७, म्हणजे २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. आठ वर्षं ऊन खाऊन रबर कडक होतं. त्यांनी अंगठ्याने दाबून दाखवलं तर उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या बारीक भेगा उघडल्या. पप्पा, शाळेत जायच्या आधी खताच्या गोण्या, औषधाच्या बाटल्या, मैलाचे दगड वाचायला तुम्हीच शिकवलंत. छापलेलं काही दिसलं की कुणीतरी तुला काही सांगतंय, असं म्हणायचात. इतकी वर्षं मी या गाडीत बसले आणि तिची चाकं कधी वाचली नाहीत.

मग मला चेवच आला. मच्छिंद्रभाऊ म्हणाले, जरा रुंद टायर घ्या, गाडीला रुबाब येतो. मी म्हटलं, कंपनीने लिहून दिलंय तेच माप हवं. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला माप आणि हवा किती भरायची ते दोन्ही चिकटवलेलं आहे, तुम्हांला माहीत होतं का? नवे चार आणले तर त्यातल्या एकाचा आकडा मागच्या वर्षीचा निघाला. तो परत पाठवला. दुसरा आणला, तो तीन महिने जुना. त्याने काही बिघडत नाही असं ते म्हणत होते, पण माझं मन मानेना. असे सात टायर बाहेर निघाले तेव्हा मच्छिंद्रभाऊ स्टुलावर बसले आणि म्हणाले, "टायर घ्यायचेत का सोयरीक जमवायचीय?" तुम्ही असतात तर त्यांच्या बाजूने हसला असतात.

त्यांची एक पद्धत आहे. काढलेले टायर ते एकावर एक टाकत नाहीत. गाडीला होते तसेच, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे, जमिनीवर मांडतात. त्यावरून चालवणारा कसा आहे ते कळतं म्हणे. आपले मांडून झाल्यावर ते उकिडवे बसून एकेकाची कड चाचपू लागले. डाव्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या अंगाला खरचटलेलं होतं, ताजं, काळंभोर. उजव्या दोन्हींनाही होतं, पण जुनं, माती बसलेलं. "डाव्याचं ठीक हाय," ते म्हणाले, "दगड, कठडा, सगळं आपल्या डाव्या अंगालाच असतंय. पन उजव्या टायरला खरचटाया रस्त्याच्या मधोमध भिंत बांधलीया का?" मी म्हटलं, मग कसं झालं? ते म्हणाले, "ही आधी डावीकडं असणार. कुनीतरी फिरवल्यात."

गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मला राहवेना. परत येताना फाट्यावर छगनच्या पंक्चरच्या दुकानाशी थांबले. त्याला सगळं लख्ख आठवत होतं. "जूनमधी सर आल्ते की. मी म्हनलं, फिरवायचीच तर पुढची मागं टाकू, म्हंजी सारखी झिजत्यात. न्हाई म्हनले, डावी उजवीकडं टाक. कुनाला सांगू नको म्हनले हुते," आणि मग जीभ चावून म्हणाला, "पन तुमी तर घरच्याच."

गाडीत बसले आणि एकेक उलगडत गेलं. डावीकडचे ओरखडे नजरेत भरू नयेत म्हणून तुम्ही चाकं फिरवलीत, आणि डावी पुन्हा खरचटली. आपण दोघं गेल्या महिन्यात कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीला ओलांडून पुढे जात होतो, आठवतं? गाडी तुम्ही चालवत होतात. आपला डावा आरसा तिला घासला आणि फुटला. तुम्ही म्हणालात, ट्रॉलीवाला आत आला. मी खाली उतरून त्याला नको नको ते बोलले. तो बिचारा एवढंच म्हणत होता, "ताई, मी हाय तिथंच हाय." चहाचा कप डाव्या हाताला ठेवला तर तुम्ही चहा कुठाय म्हणून विचारता. पुणतांब्याला या वेळी रेल्वेने गेलात, गुडघे दुखतात म्हणून. गुडघ्यांना डब्याच्या पायऱ्या चालतात आणि ब्रेक चालत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

लहानपणी चूक झाली की तुम्ही तोंडी माफी चालवून घेत नव्हतात. पाटीवर लिहायला लावायचात, कारण बोलताना माणूस स्वतःला सवलत देतो. म्हणून माझी चूक आधी लिहिते. मी ट्रॉलीवाल्यावर खोटा आळ घेतला. तुमच्या पाठीमागे छगनला विचारलं. चहाच्या कपाचं कळत होतं तरी गप्प राहिले, कारण मम्मी गेल्यापासून या घरात आपण दोघंच, आणि तुम्हांला काही झालंय हे मला कळायलाच नको होतं. डोळे दाखवले असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्या कपाटात असेल. किल्ली माझ्या हातात होती, पण उघडलं नाही. ते तुम्ही मला सांगायचं.

लेकरांचे आईबाप तुमच्याशिवाय कुणाबरोबर पाठवत नाहीत, तुम्हांला नाही म्हणता आलं नसेल. टायरची काळजी बोलून दाखवता येते, डोळ्याची येत नाही, हेही समजतं. पण पप्पा, टायर मी सात पाहून चार निवडले. नगरच्या रस्त्यावर आपल्या डाव्या अंगाने सायकलवरून जाणाऱ्या माणसाला तसं निवडता येणार नाही.

म्हणून हे पत्र. गाडीची किल्ली आता माझ्याकडेच राहील, आणि रविवारी लेकरांना मी नेणार. लायसन काढून चार वर्षं झाली, कारखान्याच्या पुढे कधी गेले नव्हते. काल एकटी नगरला जाऊन आले. नवं रबर सुरुवातीला निसरडं असतं म्हणून इतकी हळू गेले की दूधवाल्याने मला मागे टाकलं. पण गेले आणि आले. लेकरांच्या घरी तुम्ही स्वतः सांगा, आणि सोमवारी आपण डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. रविवारी तुम्ही पुढे माझ्या शेजारी बसा. गिअर चुकला तर वर्गात ओरडायचात तसं ओरडा. मी तुमच्या उजव्या हाताला असेन. तिथे मी तुम्हांला दिसेन.

तुमची वाट पाहणारी,
कृपा